श्वास धरा, फोटो काढतो

राजारामपुरीत आमच्या सरांचं एक्सरे सेंटर आहे. मी छातीचे फोटो काढतो, सर ते वाचतात. खोकला हटत नाही, वजन उतरतंय, टीबी आहे का बघा, म्हणून रोज कुणी ना कुणी येतंच. जुन्या फिल्म आम्ही केव्हाच काढून टाकल्या, पण किस्से कुठं टाकायचे? बायको म्हणते, जेवताना तरी लोकांच्या छातीचं बोलू नका. म्हणून तुम्हाला गाठलंय.

*

आजऱ्याहून एक मावशी आल्या. मंगळसूत्र काढा म्हटलं, फोटोत येतं. ऐकेचनात. मालक बाहेर धडधाकट बसलेत, मी कशी काढू? शेवटी मालकांनीच तोड काढली. मंगळसूत्र घेतलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं!

पुढचा नंबर मालकांचा. गर्दीत माझ्याकडून त्यांचा गळा बघायचा राहिला. सरांनी फोटो बघितला, मग मालकांच्या झुपकेदार मिशा बघितल्या, मग परत फोटो. नंतर मला आत बोलावून जे झापलंय म्हणता!

*

एका रिटायर्ड गुरुजींच्या फोटोत डाग दिसला. सरांनी समजावलं, फोटोवरून नुसता संशय येतो, थुंकी तपासली की नक्की कळेल. गुरुजींनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला कोपऱ्यात घेतलं.

"पलीकडचा स्टुडिओवाला लग्नाच्या फोटोतल्या पुटकुळ्या घालवतो. तुम्ही एवढा डाग घालवा की."

*

एका गावात शिबिराला गेलतो. नवं मशीन. कॉम्प्युटरच फोटो बघतो आणि संशयाच्या जागी लाल खूण करतो. खूण आली नेमकी सरपंचांच्या छातीवर. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हे कुठल्या पार्टीचं हाय?"

विरोधी पार्टीच्या एकाच्या छातीवर लाल खूण उमटली, तेव्हा कुठं सरपंच गडी थुंकी द्यायला तयार झाला.

*

आणि जयसिंगपूरचे तात्या. किराणा दुकान. खोकून खोकून बेजार, पण पोरीचा साखरपुडा तोंडावर आलेला. टीबीचं नाव निघालं तर स्थळ मोडणार, हीच धास्ती. मग पठ्ठ्यानं काय करावं? आपल्या नावावर स्वच्छ फोटो निघावा म्हणून धाकट्या भावाला, बाळूला, बरोबर आणलं. दंड असे, मान अशी, खोकल्याचा पत्ता नाही. मी तात्यांचं नाव पुकारलं आणि बाळू उठून आत आला. मला काय स्वप्न पडलंय? श्वास धरा म्हटलं, काढला फोटो.

सरांनी दोघांना आत घेतलं. मीही तिथंच होतो. सर म्हणाले, तात्या, वरच्या बाजूला डाग आहे, टीबीची शंका येते. आजच थुंकी द्या. निघालाच तर सहा महिने गोळ्या, बरा होतो.

तात्या हसायलाच लागले. मग त्यांची नजर बाळूकडं गेली आणि हसू तिथंच थांबलं. चाचरत सगळं कबूल केलं. सर असे भडकले की टेबलावरचा चहा सांडला. आता तुमचाही फोटो काढायचा म्हणाले, आत्ताच्या आत्ता.

बाळूनं खुर्ची ओढली आणि बसला. पोरं त्याची अजून बालवाडीत. मला तर त्याच्याकडं बघवेना.

तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"डॉक्टर, फोटोवर नाव माझं हाय नव्हं? मग दुखणं बी माझंच धरा. स्थळ मोडलं तर मोडू दे. गोळ्या मी खातो, ह्याला सोडा की."