वळसंगची नवी पूर्व

आता हसायचं असेल तर चहा आधी गिळून घ्या, ठसका लागला तर मी जबाबदार नाही! मी सोलापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. विद्युत आणि चुंबकत्व म्हणजे आपला हातखंडा विषय. आणि त्याच विषयात मी अख्ख्या वळसंग गावासमोर तोंडावर आपटलो.

झालं काय, वळसंगच्या आमच्या मामांनी घर बांधायला काढलं. म्हाताऱ्याचा एकच हट्ट, दार तंतोतंत पूर्वेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी भूमिपूजन आणि लगेच पाया खोदायला जेसीबी. गुरुजी म्हणाले, "उगवतीकडं तोंड करा की, झालं." पण भाचा फिजिक्सचा सर असताना मामा अंदाजावर कशाला जातील? कॉलेजातलं होकायंत्र घेऊन मी संध्याकाळी हजर!

प्लॉटवर बसायला दुसरं काहीच नव्हतं. कॉलमसाठी आणलेल्या लोखंडी सळयांचा ढीग तेवढा होता. त्यावर ऐसपैस बसलो, होकायंत्र शेजारी ठेवलं. सुई डुलली, थांबली.

"ही उत्तर. म्हणजे ही पूर्व!"

मामा चपापले. "आरं, मग सूर्य दक्षिणेला मावळतोय व्हय?"

"मामा, सूर्य रोज जागा बदलतो. सुई बदलत नाही!"

काय वाक्य होतं! माझं मलाच आवडलं.

तेवढ्यात शेजारचे मल्लूअण्णा आले. "सर, मग आमच्या म्हादेवाच्या देवळाचं दार कुटं हाय?"

"उत्तरेला."

"आजपतूर पूर्वेला होतं की वो!"

"बांधणाऱ्यांकडे होकायंत्र होतं का?" मी विचारलं. एकदा घोड्यावर बसल्यावर सर लोक खाली उतरतात होय? गुरुजींनी कानाला हात लावला. मामांनी माझ्या पूर्वेप्रमाणे दोऱ्या ताणल्या, चुन्याची फक्की मारली आणि गावभर सांगून आले, "आमच्या भाच्यानं पूर्व शोधली!"

सकाळी सगळे माझ्या पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसले. जेसीबीवाल्याने इंजिन सुरू केलं. आणि सूर्य उगवला की हो! चांगला लालभडक, थेट मामांच्या डाव्या कानावर!

मामांनी सूर्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

गुरुजींनी शांतपणे विचारलं, "सर, अर्घ्य सूर्याला देऊ का सुईला?"

मल्लूअण्णा ओरडले, "अवो, ही तर दक्षिण! दार यमाकडं काढलं की वो मामांचं!"

मामांचा चेहरा पांढराफटक. जन्मभराची पुंजी त्या घरात घातली होती माणसानं. एवढ्यात मामांची नात गौरी पुढे आली. ही माझ्याच वर्गात, अकरावीला.

"काका, काल सळयांवर बसून बघितलंत ना?"

संपलं! लोखंडाजवळ होकायंत्र ठेवू नका, हे मी दरवर्षी घसा फोडून सांगतो. जेसीबीवाल्याला म्हणावंसं वाटलं, बाबा रे, पहिला खड्डा माझ्यासाठी खण.

मुहूर्त टळायच्या आत धावपळ करून दोऱ्या फिरवल्या, पाट फिरवले. मामांनी मला सळयांपासून लांब, बाभळीखाली नेऊन बसवलं.

सोमवारी वर्गात नेमका हाच धडा. मी घसा खाकरून विचारलं, "होकायंत्र वापरताना पहिली काळजी कोणती?"

गौरीचा हात वर. "सर, आधी आपण कशावर बसलोय ते बघावं."

अख्खा वर्ग हसत सुटला. म्हणजे बातमी माझ्याआधी सोलापुरात पोचली होती.

"बरोबर," मी म्हणालो. "बस खाली."

तिने बाक वरून-खालून नीट तपासला, आणि मगच बसली.