चार चांगले शब्द

'एमबीए का करायचंय?' हा प्रश्न मुलाखतीत हमखास विचारतात म्हणे. मी उत्तर आरशासमोर वीस वेळा घोकलं होतं. नेतृत्वगुण, व्यापक दृष्टी, असलं काहीबाही. सगळ्या थापा. खरं कारण एवढंच होतं, की सुरतेजवळ पलसाण्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यात तीन वर्षं राब राब राबूनही मी तिथं कोण आहे, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

सकाळी पर्वत पाटियाच्या नाक्यावरून कारखान्याची गाडी आम्हाला उचलायची. कोरं कापड आलं की कुठला लॉट कुठल्या मशीनवर चढवायचा, माल कधी निघणार, आणि रंग फिका आला म्हणून मार्केटातला व्यापारी बोंबलत आला की त्याची समजूत कोण काढणार, हे सगळं माझ्याच गळ्यात. पण हजेरीपटावर नाव नाही. सही नाही. नेमणूकपत्र तर सोडाच. आमच्याकडे पद्धतच तशी होती. शेठ पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "तू तो घरनो माणस छे." झालं! घरच्या माणसाला कसला आलाय कागद?

मग शेठचा भाचा आला. बी.कॉम.ला दोनदा गचकलेला. अहो, त्याला आकाशी आणि फिरोजी यांतला फरक कळत नव्हता. सहा महिने मी त्याला शिकवलं, अगदी मनापासून शिकवलं, गाढव मी. सातव्या महिन्यात त्याला काचेची केबिन मिळाली आणि रजा हवी असली की मी त्याच्या दारात उभा राहायला लागलो. त्याची काही चूक नव्हती, उलट तो मला 'भाई' म्हणायचा. तरीही त्या केबिनच्या दारात मला दर वेळी रडू यायचं, आणि ते गिळून मी म्हणायचो, "जरा दोन दिवस सुट्टी पाहिजे होती."

नव्वदीच्या दशकातले ते दिवस. नव्या कंपन्या येत होत्या आणि जो तो एमबीएचं नाव घेत होता. रक्ताचं नातं काही आपल्याला मिळणार नाही, डिग्री तरी मिळवू, असं मी ठरवलं. जुनी पुस्तकं आणली, जेवणाच्या सुट्टीत बॉयलरमागे बसून गणितं सोडवली आणि परीक्षा दिली. पुण्याच्या एका संस्थेचं मुलाखतीचं बोलावणं आलं. माझे गुण काठावरचे होते, पण अनुभवाला वेगळे गुण होते आणि माझी सगळी भिस्त त्यांवरच होती. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: मालकाचे अनुभवपत्र आणावे.

मी शेठकडे गेलो. ते हसले. "घरनाने वळी सर्टिफिकेट शेनुं?" घरच्याला कसलं सर्टिफिकेट, आणि वर चहा मागवला. मला काय ते कळलं. माझ्या नोकरीची तीन वर्षं कागदावर आली, तर उद्या एखादा सरकारी साहेब विचारणार, मग हा माणूस पटावर का नाही?

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "तुला मागताच आलं नसेल. मोठ्यांशी मोठ्यांनी बोलावं." वडील महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर. धुळ्याकडून सुरतेला येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती, पण जगात सगळे हेडमास्तरच असतात अशी त्यांची ठाम समजूत. मी जीव तोडून सांगितलं, "दादा, तुम्ही जाऊ नका." ऐकतील तर शपथ! मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून नारळ आणि पेढे घेतले, इस्त्रीची टोपी घातली आणि पलसाण्याला येऊन थडकले. मी मशीनपाशी उभा होतो. शेठच्या ऑफिसच्या काचेतून मला दिसत होतं, वडील हात जोडून बोलताहेत आणि शेठ त्यांना आग्रहानं खुर्चीवर बसवताहेत.

वडील बाहेर आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. "काय मागितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, मुलाबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या. लगेच टाइप करून दिले बघ. देवमाणूस आहे!"

शाळा सोडताना देतात ना, वर्तणूक चांगली म्हणून, तसलाच दाखला त्यांच्या डोक्यात होता. लेटरहेडवर इंग्रजीत लिहिलं होतं: हा मुलगा मला पोटच्या मुलासारखा आहे. गेली तीन वर्षं तो प्रेमानं आमच्या कारखान्यात येतो-जातो आणि पडेल त्या कामाला हात लावतो. त्यानं स्वतःला कधी नोकर मानलं नाही, आम्हीही मानलं नाही.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि एकही शब्द उपयोगाचा नव्हता. मुलाखत दोन दिवसांवर आलेली. दुसरं पत्र मागायला गेलो तर भाचा म्हणाला, मामा राजस्थानला गेलेत, भाई. वडिलांनी ते पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. इंग्रजी त्यांना बेताचंच येत होतं, पण 'सन', म्हणजे मुलगा, हा शब्द त्यांनी बोट ठेवून दाखवला.

पुण्यात समोर तिघं बसले होते. मधल्या साहेबांनी पत्र वाचलं आणि हसून विचारलं, "म्हणजे घरचाच धंदा आहे तुमचा?"

"नाही सर, मी नोकरी करतो."

"कुठल्या हुद्द्यावर?"

काय सांगणार? मी लॉट, मशीन, व्यापारी असं बोलत सुटलो. ते ऐकत होते, नाही असं नाही. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "याचा काही पुरावा?" मी त्यांच्या हातातल्या पत्राकडेच बोट दाखवलं. अनुभवाच्या रकान्यात त्यांनी काहीतरी लिहिलं, ते मला समोर बसून उलटंही वाचता आलं. शून्य होतं.

महिन्याभरानं नकार आला. वडिलांनी ते पत्र हातात घेतलं. मग म्हणाले, "अरे, पण शेठचं पत्र त्यांनी वाचलं का नीट?"

"वाचलं. फार कौतुक केलं त्याचं."

"मग घोडं कुठं पेंड खातंय?"

खरं माझ्या ओठांवर आलं होतं. पण समोरचा माणूस टोपी घालून, पेढे घेऊन माझ्यासाठी हात जोडून आला होता. म्हटलं, "इंग्रजी कच्चं पडलं माझं."

"एवढंच ना?" वडील म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी इंग्रजी पेपर सुरू केला. रोज सकाळी कारखान्याची गाडी पकडायच्या आधी मी तो मोठ्यानं वाचायचो, आणि फारसं काही कळत नसताना वडील समोर बसून मान डोलावत म्हणायचे, "आता सुधारतंय हं."