रिकाम्या वर्गातली हजेरी

परवा नायगावला आमच्याकडे नात आली होती. ती बी.ए. करतेय, पॉलिटिकल सायन्समध्ये. क्रेडिट्स किती लागतात, हजेरी ॲपवर कशी लागते, सगळं मला समजावून झालं आणि मग तिने विचारलं, आजी, तुझ्या वेळी डिग्रीला काय काय लागायचं गं?

मी सांगितलं, आधी इंटर आर्ट्स पास, मग ज्युनियर आणि सीनियर अशी दोन वर्षं, सक्तीचं इंग्रजी, स्पेशल विषयाचे पेपर... आणि प्रत्येक टर्म ग्रँट व्हावी लागायची. हजेरी भरली नाही तर युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसताच यायचं नाही. म्हणजे आमच्यासारखंच की, म्हणाली. मी हो म्हटलं. ती गेल्यावर मात्र मला काही सुचेना, म्हणून हे लिहायला बसले.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरगावातल्या आमच्या कॉलेजात ज्युनियरला राज्यशास्त्र स्पेशल घेतलेली मी एकटीच मुलगी. बाकी मुलगे, तेही मोजकेच.

तेव्हा पद्धत अशी होती की मुलींनी लेडीज रूममध्ये थांबायचं. सर वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागून जायचं, आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर पडायचं. त्यामुळे तासाआधी मुलगे जे काही बोलायचे, भांडायचे, हसायचे, त्यातलं माझ्या वाट्याला कधी काही आलं नाही. एकाशीही मी कधी बोलले नव्हते. आडनावं मात्र पाठ, कारण सर रोज हजेरी घ्यायचे... परब, सावे, दळवी, कीर, आणि सगळ्यात शेवटी मी, मिस राणे.

घरी वेगळीच तऱ्हा. बाबा आणि दादा दोघंही गिरणीत, आणि प्रत्येक सभेला पुढे. मलाही यायचंय असं मी एकदा म्हणून पाहिलं. बाबा एवढंच म्हणाले, "तू शिकूक जा. मोर्च्याक आमी आसंव."

सगळी चाळ रस्त्यावर, आणि राज्यशास्त्र शिकणारी मी पुस्तक घेऊन खिडकीत!

मग एक दिवस आमच्या वर्गातले मुलगे सत्याग्रहाला गेले आणि सगळेच्या सगळे तुरुंगात गेले. मी नेहमीसारखी लेडीज रूममध्ये थांबले, सर आले, मी त्यांच्या मागून गेले... वर्गात कोणीच नाही. तरी मी आपली मुलींच्या बाकावर जाऊन बसले. आता हसू येतं, रिकाम्या वर्गात मी कोणापासून लांब बसत होते?

सरांनी पूर्ण तास घेतला. रोजच घ्यायला लागले. सर भारी शिस्तीचे, वर्ग रिकामा असला तरी एकेक आडनाव पुकारायचे, जरासं थांबायचे आणि गैरहजेरी मांडायचे.

एकदा ऑफिसातल्या क्लार्कने मला सांगितलं, या मुलांच्या टर्म्स जाणार. ते मागे राहिले तर सीनियरला तुम्ही एकट्याच, आणि एका मुलीसाठी राज्यशास्त्र कोण चालवणार? विषय बदला. विषय बदलायचा म्हणजे ज्युनियर पुन्हा. इकडे घरी कणकवलीचं स्थळ सांगून आलेलं. बाबांनी डिग्रीपर्यंत धीर धरला होता, वाढीव वर्षभर ते थांबणार नव्हते. त्या दिवशी परत येताना ट्राममध्ये तोंड बाहेर करून रडले.

दुसऱ्या दिवशी सरांनी पुकारलं, "परब."

"येस सर," मी म्हटलं.

कसं तोंडातून गेलं, माहीत नाही. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कायद्याचं राज्य शिकवणारा माणूस... खोटी हजेरी मांडल्याचं वर कळलं असतं तर नोकरीवर गदा आली असती. 

"परब आहे?"

"आहे, सर."

त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि हजेरी लावली. मग "सावे" म्हणाले आणि मान खाली घालून थांबून राहिले... मी ओ देईपर्यंत.

मुलगे सुटून येईपर्यंत हे चाललं. परबचा आवाज जाड, दळवी घाईत उत्तर देणारा... मी तसंच द्यायला लागले. सर एकदा चक्क हसले. खरं सांगते, त्या दिवसांत मला वर्गात एकटं वाटत नव्हतं.

टर्म्स ग्रँट झाल्या. मुलगे आले, दाढ्या वाढलेल्या, गळ्यात हार. सरांनी सांभाळून घेतलं म्हणून त्यांच्या पाया पडले. सर माझ्याकडे बघून काहीतरी सांगणार होते, मीच मानेने नको म्हटलं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक वाटलं असेल की न सांगता कोणीतरी विचारेल.

कोणी विचारलं नाही. त्यांच्या तुरुंगातल्या गोष्टी मागच्या बाकांवर रंगायच्या, मी सरांच्या मागून यायची आणि सरांच्या मागून जायची. सीनियरचं अख्खं वर्ष असंच गेलं. त्या भरल्या वर्गात मी जितकी एकटी होते, तितकी पुढे कधीच नव्हते... हे गेल्यावरसुद्धा नाही.

डिग्री मिळाली. सगळ्यांनाच मिळाली. निकालाच्या दिवशी सरांचे आभार मात्र मी मानून घेतले, तेवढं राहून गेलं नाही.

परब, सावे, दळवी, कीर... यांच्यापैकी कोणी, किंवा त्यांची मुलं-नातवंडं हे वाचत असतील, तर एवढंच सांगायचंय. तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर मिस राणे बसायची. तिचं नाव सुमन.