धम्मदीपाच्या व्हॅनचे दिवे

कारंज्याहून धनजकडे येणारी संध्याकाळची एसटी कॉलेजचा शेवटचा तास संपायच्या आधीच निघते. त्यामुळे गावातल्या ज्या पोरी कारंज्यात नर्सिंग शिकत होत्या, त्यांचं शिक्षण एका जुन्या पांढऱ्या व्हॅनवर चाललं होतं. ती व्हॅन चालवायची धम्मदीपा.

गाडी मुळात तिच्या नवऱ्याची, संघदीपची. सोयाबीनची पोती ट्रॉलीत चढवताना तो खाली पडला, मणका दुखावला आणि डॉक्टरांनी स्टेअरिंगवर बसायला मनाई केली. त्यानं गाडी विकायला काढली तेव्हा धम्मदीपा म्हणाली, "इकाची नाही. मी शिकतो चालवाले."

शेताकडे जाणाऱ्या पांदणीत ती गाडी शिकली. आधी बांधाला घासली, मग नाल्यात उतरवली, मग सरळ चालवली. लायसन हातात आलं. पण त्यानंतर संघदीप गाडीजवळ फिरकला नाही. अंगणात खाट टाकून बसायचा आणि गाडी निघाली की तोंड दुसरीकडे करायचा.

कापूस निघायच्या दिवसांतली गोष्ट. अंधार लवकर पडू लागला होता. पोरींना घेऊन धम्मदीपा परत येत होती. रस्त्याच्या कडेला कापसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती, मागे ना दिवा ना चमकती पट्टी. ती दिसली तेव्हा अगदी पुढ्यात होती. धम्मदीपानं ब्रेक दाबून गाडी खाली शेतात घातली. कुणाला फार लागलं नाही. पुढे बसलेल्या सपनाचा गुडघा तेवढा सुजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सपनाचे वडील विकास दारात आले.

"दीपाबाई, तुमच्यावर राग नाही माहा," ते म्हणाले. "पण सपना आता गाडीत नाही येनार."

"अन् तिचं कॉलेज?"

"ते पाहू मंग."

ते पाहू म्हणजे काय, हे धम्मदीपाला ठाऊक होतं. तिचं स्वतःचं शिक्षण असंच 'पाहू' म्हणता म्हणता दहावीनंतर थांबलं होतं.

"भाऊ, मले दिव्यात दिसलंच नाही. बलब मागच्या साली बदलला, तरी उजेड रस्त्यावर पडत नाही. मी ते दिवे नीट करतो. तवर मीच पोरी बसवत नाही. पण तुमी तिचं नाव काढू नका."

विकासनं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. दिवे नीट होईपर्यंत पोरी शेवटचा तास बुडवून एसटीनं येऊ लागल्या.

धम्मदीपानं दिवसाउजेडी गाडीपुढे बसून ते दिवे पहिल्यांदा नीट पाहिले. काच म्हणायची, पण ते होतं प्लास्टिक. वर्षानुवर्षं उन्हात तापून पिवळं आणि धुरकट झालेलं, इतकं की आतला बल्बही दिसत नव्हता. स्पेअर पार्टच्या दुकानात त्या जुन्या गाडीचे दिवे मिळेनात. मिळाले ते जागेवर बसेनात, हलत राहिले. कुणीतरी टूथपेस्ट घासायला सांगितली, तीही तिनं घासून पाहिली. दिवसा दिवे चमकले, संध्याकाळी उजेड होता तसाच.

मग ती कारंज्याला गाड्यांच्या रंगाच्या दुकानात गेली. गल्ल्यावर चंदना नावाची बाई बसायची, तिच्या सासऱ्यांनी थाटलेलं दुकान. तिनं धम्मदीपाचं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, वरून पुसून नाही होणार," चंदना म्हणाली. "प्लास्टिकवरचा थर उन्हानं जळून गेला आहे. तो घासून काढावा लागते."

"काढू मंग."

"काढला की दिवा दुधासारखा पांढरा दिसते. तिथंच माणूस घाबरते. आमच्या घरच्या गाडीचं मी तिथंच सोडून दिलं होतं. मिस्टर अजून बोलून दाखवतात." ती हसली आणि पाण्यात भिजवून घासायचे पॉलिश पेपर तिनं काढून दिले, खरखरीत ते अगदी मऊ असे. सोबत पॉलिशची डबी आणि पारदर्शक लॅकरचा स्प्रे. "हा लॅकर उन्हापासून वाचवते. हा नाही मारला तर उन्हाळ्यात पुन्हा पिवळे."

घरी आल्यावर धम्मदीपानं दिव्यांभोवतीच्या रंगाला चिकटपट्टी लावली, बादलीत पाणी घेतलं आणि खरखरीत कागद भिजवून घासायला सुरुवात केली. दिव्यावरून हळदीसारखं पाणी ओघळू लागलं. हे पाणी पिवळं येतं तोवर थांबायचं नाही, पांढरं आलं की पुढचा कागद, असं चंदनानं बजावलं होतं. ती घासत राहिली. खांदे भरून आले, बोटांची टोकं सोलवटली. उजवा दिवा लवकर पांढरा झाला, डाव्याच्या कोपऱ्यातलं पिवळं काही हटेना.

खाटेवरून संघदीप म्हणाला, "दिसून राह्यलं होतं थोडंफार, तेबी घालवलं तुनं."

दिवे खरोखरच ताकाचा हात लागल्यासारखे झाले होते.  पण चंदना कुठे थांबली होती ते धम्मदीपाला आठवलं आणि तिनं कागद बदलला. आधी आडवं घासलं होतं, आता उभं घासलं. मग आणखी मऊ कागद. मग फडक्यानं पॉलिश. पांढरेपणा हळूहळू विरत गेला आणि आतला बल्ब, त्यामागची चकचकीत वाटी, सगळं दिसू लागलं.

तिनं तिथंच, अंगणात, लॅकर मारला. आणि नेमकी शेजाऱ्यांची कापसाची गाडी रिकामी व्हायला लागली. वाऱ्यावर उडालेले तंतू ओल्या लॅकरवर येऊन बसले. ते काढायला गेली तर बोटाचे ठसे उमटले.

"राहू दे आता," संघदीप म्हणाला. "एवढं कोन पाह्यते?"

"मले पाहा लागते ना रस्ता."

 तिनं भरून आलेले डोळे मनगटानं पुसले. मग उठली.

"अहो, हे दिवे बाहेर कसे काढतेत?"

"कायले?"

"घरात नेतो. धूळ नाही, वारा नाही. पुन्ना घासतो."

 संघदीप कमरेचा पट्टा आवळून खाटेवरून उठला. गाडीजवळ येऊन म्हणाला, "आधी जाळी काढा लागते. वरचे दोन स्क्रू. एक आतून आहे, तो तुले नाही दिसणार, हातानं चाचपून पाह्य." वाकायची त्याला सोय नव्हती. तो उभ्यानं सांगत गेला, ती काढत गेली. आतल्या स्क्रूनं दोघांनाही रडकुंडीला आणलं. शेवटी संघदीपनंच हात घालून तो फिरवला.

घरात जमिनीवर पाणी शिंपडून, पंखा बंद करून तिनं दिवे कागदावर मांडले. बिघडलेला लॅकर घासून काढला, पुन्हा सगळे कागद, पुन्हा पॉलिश. मग स्पिरिटनं पुसून लॅकरचा पातळ हात मारला, वाळू दिला, आणि पुन्हा एक हात. त्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत तिनं कुणाला पाय ठेवू दिला नाही.

दिवे बसवल्यावर दिवेलागणीला संघदीपनं गाडी शाळेच्या भिंतीसमोर लावायला सांगितली. भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडले, पांढरेशुभ्र. एक जरा वर होता. "समोरच्याच्या डोळ्यात जाईन तो," म्हणत त्यानं मागचा स्क्रू फिरवून दोन्ही गोल सारखे केले. मग दार उघडून तिच्या बाजूच्या सीटवर बसला. पडल्यापासून तो पहिल्यांदाच त्या गाडीत बसला होता. "चाल घरी," म्हणाला.

गाडी घरी लावून धम्मदीपा लगेच विकासच्या घरी गेली.

"भाऊ, दिवे झाले. माह्या बोलण्यावर जाऊ नका. उद्या संध्याकाळी तुमी पुढं बसा अन् पाहा."

दुसऱ्या दिवशी विकास तिच्यासोबत रिकाम्या गाडीत कारंज्याला गेले आणि अंधार पडल्यावर परत निघाले. रस्ता डांबराच्या ठिगळांसकट दिसत होता.  धनजच्या अलीकडे लांबवर दोन डोळे चमकले. धम्मदीपानं वेग कमी केला. रोही होती, म्हणजे नीलगाय, अंगानं घोड्याएवढी, तुरीतून निघून रस्त्याच्या मधोमध थांबलेली. गाडी तिच्यापासून चांगली लांब उभी राहिली. रोहीनं मान वळवून उजेडाकडे पाहिलं आणि पलीकडच्या शेतात उतरून गेली.

"मले तुमच्या आधी दिसली," विकास म्हणाले.

"दोघायलेबी दिसली, भाऊ."

घराशी उतरताना त्यांनी दार हळू लावलं आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "उद्या सपनानं किती वाजता उभं राहावं?"

त्या हिवाळ्यात पोरींचा शेवटचा तास पुन्हा बुडाला नाही. बाकीच्या घरांनीही मग फार न विचारता पोरी पाठवल्या. संघदीप आता रोज सकाळी गाडीचं पाणी, ऑईल पाहतो आणि दिव्यांवरून ओलं फडकं फिरवतो. सुकं फिरवलं तर ओरखडे पडतात म्हणून तिची बोलणी खातो.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावातून धुरपताबाई आपल्या नातीला घेऊन आली. नातीला कारंज्यात प्रवेश मिळाला होता.

"गाडी भरली म्हन्तेत तुही," धुरपताबाई म्हणाली. "हिच्यासारख्या आमच्या गावात आखीन तिघी आहेत. काय करावं, बापा?"

धम्मदीपानं नवऱ्याकडे पाहिलं. तो उभ्यानं पायपंपानं गाडीच्या चाकात हवा भरत होता, तिथूनच त्यानं मान डोलावली.

"पाठवा सगळ्यायले," ती म्हणाली. "दोन खेपा मारीन."