विमलवहिनींची सहावी बोट

मंगळवारी सकाळी बोट कोचीला लागली आणि विमलवहिनींच्या थोरल्या जाऊबाईंचा, सुशीलाबाईंचा, फोन आला. सोमवारी सकाळी विमलवहिनी बोटीवर वारल्या होत्या. मी फोन ठेवला आणि वाचनालय उघडायला गेलो.

त्या माझ्या समोरच्या घरात राहत. त्यांचे यजमान माझे मित्र होते, म्हणून त्या वहिनी. मोहाडीतलं विणकराचं घर. यजमान गेल्यावर मन रमावं म्हणून मुलीने त्यांना मुंबईहून गोव्याच्या बोटीवर नेलं. मुलगी परत येऊन कामाला लागली, वहिनी मात्र बोटीला लागल्या. कधी मुलीबरोबर, कधी सहलवाल्यांबरोबर. सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटीवर तर दोनदा गेल्या. दुसरी बाई ज्या सुरात आपली बाळंतपणं सांगते, त्या सुरात त्या सांगत, "माह्या पाच बोटी झाल्या." तक्रार नाही, बढाई नाही, पण त्या विषयात मध्ये बोलायचा हक्क पूर्ण.

दुपारी त्या ओट्यावर चरख्याशी सुताच्या कांड्या भरत बसायच्या आणि बोटीने जाणारे लोक सल्ला विचारायला यायचे. मुलं नोकरीला लागली की आईबापांना बोटीची सहल घडवतात, असं आमच्याकडेही सुरू झालं आहे. चिखल्याच्या खाणीतून निवृत्त झालेले मोतीरामभाऊ बायकोला घेऊन आले होते. मुलाने तिकिटं काढलेली, आणि भाऊ घाबरलेले.

"खाणीत किती वर्सं उतरले तुमी?" वहिनींनी विचारलं.

"पस्तीस."

"मंग बोटीले काहून भेता?"

"वयनी, खाणीत वरतून दगड पडते. खालून बुडत नाही माणूस."

वहिनी इतक्या हसल्या की सूत तुटलं. ते जोडत म्हणाल्या, "मंग खालच्याच मजल्यावरची खोली घ्या, मधातली. तिथं बोट कमी हालते. अन् बालकनी मागू नोका. समुद्र साऱ्याइले सारखाच दिसते."

त्यांची मतं अशीच, धुऊन वाळवलेली. बोट जिथून सुटते त्या गावी एक दिवस आधी पोचायचं, कारण "बोट काही आपली माय नोहे, वाट पाहाले." बंदरावर उतरलात की मोबाइलचं घड्याळ पाहायचं नाही, बोटीचं पाहायचं. पोटात ढवळलं तर आलं चघळायचं आणि दूर जिथे पाणी संपतं तिथे नजर ठेवायची. पहिल्या दिवशी भोंगा वाजवून जीव वाचवायची तालीम घेतात, तिला सगळे तोंडं वाकडी करून जातात. वहिनी सर्वांच्या आधी जाऊन उभ्या राहत. जेवणाबद्दल म्हणत, "तिथं जेवण सरत नाही, आपलं पोट सरते. जरासंच घेजा, पुन्हा उठजा. उठाले कोणी मना नाही करत."

मी एकदा वाचनालयात त्यांचं भाषण ठेवलं. माईक पाहून त्या म्हणाल्या, "हे काढा पयले." मग टेबलावर दोन पिशव्या ठेवल्या, एक मोठी आणि एक हातातली, आणि बायकांसमोर दोन्ही रिकाम्या करून पुन्हा भरल्या. मोठी पिशवी धक्क्यावरच हमालाच्या हाती द्यावी लागते, ती खोलीत यायला संध्याकाळ होते, कधी त्याहून उशीर. "म्हणून हे ऐका, बाकी सारं भुलले तरी चालन. औषध हातातल्या पिशवीत. पासपोट हातातल्या पिशवीत. एक लुगडं हातातल्या पिशवीत. औषध मोठ्या पिशवीत टाकलं तं समजा घरीच इसरून आले." त्यांना स्वतःला हृदयाचा त्रास होता. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली एका निळ्या कापडी पिशवीत असे आणि ती पिशवी उचलून त्यांनी सर्वांना दाखवली. एका बाईने विचारलं, बोटीवर एका रात्री सगळे नटून जेवतात म्हणे, तेव्हा काय घालायचं? "आपल्या मागावरचं लुगडं. माह्या दुसऱ्या बोटीवर एक गोरी बाई पदर उलटून पाहाले लागली. मी म्हणलं, बाई, हात पूस पयले, तेलकट हाये."

हे सगळं मी हसवण्यासाठी लिहीत नाही. ही बाई काय जाणत होती ते नोंदवून ठेवायचं आहे. कारण तेरवीच्या दिवशी वेगळंच बोललं गेलं.

सहावी बोट त्यांच्या भासऱ्यांनी ठरवली. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, दौलतराव. कापडाचे जुने व्यापारी, वहिनींच्या शेजारीच राहणारे, घरात शब्द त्यांचा. ते, त्यांची पत्नी सुशीलाबाई आणि वहिनी, असे तिघं जायचं ठरलं. वाट दाखवायला वहिनी हव्यातच, कारण त्यांच्या पाच बोटी झालेल्या. पण दौलतरावांसमोर त्या डोक्यावर पदर घेत आणि बोलत नसत. आमच्याकडे भासऱ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं झालं तर सुशीलाबाईंच्या तोंडून. सिंगापूरच्या बोटीवर कप्तानाला हाताने थांबवून "फोटो काढू काय?" विचारणारी बाई, या एका माणसापुढे मुकी होती.

निघायचा दिवस अमावस्येचा आला. दौलतरावांनी उपाय काढला, प्रस्थान ठेवायचं. दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या वेळी आपलं सामान शेजारच्या घरी नेऊन ठेवतात, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. ते गाठोडं मग घरी परत न्यायचं नाही आणि मुक्कामी पोचेपर्यंत सोडायचं नाही. त्यांच्या घरात आणखी एक रीत होती. बाजाराला निघणारा विणकर प्रस्थानात मागावरचा धोटा, आडवं सूत नेणारा, ठेवी, कारण ज्याच्यावाचून अडतं ते आधी उंबऱ्याबाहेर पडलं पाहिजे. दौलतरावांनी पांढऱ्या कापडात तांदूळ, सुपारी आणि वडिलांचा धोटा ठेवला, दोन्ही टोकांना पोलादी अणी असलेला. मग वहिनींचं कशावाचून अडतं, याचा त्यांनी विचार केला आणि निळी पिशवी मागवली. डॉक्टरांची चिठ्ठीही तिच्यातच होती. सुशीलाबाईंनी आणून दिली, त्यांनी गाठ मारली आणि गाठोडं माझ्या घरी आणलं.

ते दोन दिवस माझ्या पुस्तकांच्या कपाटावर होतं.

पहिल्याच दिवशी वहिनी आल्या. दारातूनच गाठोड्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"वहिनी, मी सोडून देतो. पुन्हा तशीच बांधू. कळणार नाही कोणाला."

"त्याइले कळते. त्याइची गाठ त्याइले ओळखू येते."

"मग त्यांना सांगा तरी."

"मी कशी सांगू वो भाऊ? सुशीलाबाईले म्हणलं. त्या म्हणतात, जाऊ द्या, बोटीवर गेलं का सोडतेच ना." मग माझीच समजूत घालावी तसं म्हणाल्या, "रोजच्या गोळ्या माह्याजवळ वेगळ्या हायेत. जिभेखालची तेवढी आत हाये. ते काय रोज लागते काय?"

मी कपाटाशी उभा होतो. माझा या रीतीवर काडीचा विश्वास नाही. मी दोन विषयांत पदव्या घेतल्या आहेत. आणि मी ती गाठ सोडली नाही. दौलतरावांचा निदान विश्वास होता. माझ्याकडे तेही कारण नाही. शेजाऱ्यांच्या घरात आपण कशाला, एवढंच होतं. लोक मला शांत स्वभावाचा म्हणतात. त्या शब्दाची मला आता किळस येते.

पुढचं सुशीलाबाईंनी सांगितलं. वरठीच्या स्टेशनवर दौलतरावांनी गाठोडं आपल्या मोठ्या पेटीत घातलं आणि कुलूप लावलं. मुंबईला ते एक दिवस आधी पोचले, वहिनींच्या नियमाप्रमाणे. तिथे पावलोपावली औषधांची दुकानं आहेत. तिथे वहिनींनी हट्ट का केला नाही, म्हणून मला त्यांचाही राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येतो हे मला आधी ठाऊक नव्हतं. धक्क्यावर त्यांनी सुशीलाबाईंकरवी विचारलं, तेव्हा दौलतराव म्हणाले, "बोटीवर पाय ठेवला का सोडतो. आता रस्त्यात अपशकून कायले?" पेटी हमालाच्या हाती गेली.

संध्याकाळी सगळ्यांचं सामान आलं, ती पेटी आली नाही. तपासणीच्या यंत्रात धोट्याच्या अणी दिसल्या होत्या. किल्ली घेऊन खाली या, अशी चिठ्ठी दौलतरावांच्या दारावर आली. वहिनींना याचा अर्थ लगेच समजला. जाऊन पेटी उघडून दाखवायची, पाच मिनिटांचं काम. दौलतराव म्हणाले, "मी काय चोर हावो, चौकीत जाऊन उभा राहाले? सकाळी पाहू." वहिनी एकट्याच खाली गेल्या. पेटी ज्यांच्या नावाची त्यांनीच यावं, असं तिथल्या मुलीने नम्रपणे सांगितलं. डॉक्टरांची चिठ्ठीही त्याच पेटीत, म्हणून बोटीच्या दवाखान्यात न जाता त्या परत आल्या आणि पदर घेऊन भासऱ्यांच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या.

"सांगा वो त्याइले, माही गोळी हाये त्याच्यात."

"सांगतलं मी. सकाळी नाश्ता झाला का जातो म्हणतात."

सकाळी नाश्त्याआधी वहिनींच्या छातीत दुखू लागलं. त्यांना बोलवायला गेलेल्या सुशीलाबाईंनी फोन केला, बोटीवरचे डॉक्टर आले, त्यांनी करायचं ते केलं. वेळेवर गोळी मिळती तर त्या वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तसं कोणीच म्हणू शकत नाही. पण वहिनींनी निजल्या जागेवरून आपल्या हातातल्या पिशवीकडे हात नेला होता, हे सुशीलाबाईंनी पाहिलं. सवयीने. मग हात मागे घेतला.

तेरवीला पंगत बसली होती. मोतीरामभाऊ चिखल्याहून आले होते, ते वहिनींचे सल्ले आठवून सांगत होते. दौलतराव वाढप्यांवर देखरेख करत उभे होते. ते म्हणाले, "साऱ्या दुनियेले शिकवे ते. अन् सोताचीच गोळी हातात नाही ठेवली. नशीब म्हणाचं, दुसरं काय!" माना हलल्या. कोणी म्हणालं, समुद्रावर मरण आलं, पुण्यवान बाई.

मी पानावरून उठलो. भरल्या पानावरून मी आयुष्यात कधी उठलो नव्हतो.

"दौलतराव, त्यांनी ठेवली होती. तुम्ही काढली."

"काय बोलून राहिले तुमी? तेरवीच्या पानावर?"

"गाठोडं माझ्या घरात होतं. मला माहीत आहे त्यात काय होतं. तुम्हाला माहीत होतं. त्या दारात उभ्या राहून मागत होत्या, हेही तुम्हाला माहीत होतं."

"घरातली गोष्ट हाये. बाहेरच्यानं बोलू नये."

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून सुशीलाबाई बाहेर आल्या. हातात वरणाचं भांडं होतं. सगळ्या पंगतीसमोर नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊ बराबर बोलून राहिले. पिशवी मीच आणून देल्ली तुमाले. मी नाही द्याले पायजे होती." आणि पुढच्या पानावर वरण वाढू लागल्या.

मी घरी आलो आणि त्याच पुस्तकांच्या कपाटाजवळ बसलो. बरं वाटलं नाही. खरं बोलायचं ते गल्ली ओलांडून, दहा-बारा पावलांवर आणि वेळेत बोलायचं असतं. मी ते तेराव्या दिवशी बोललो.

समोरच्या घराला कुलूप आहे. मुलीने माग विकला नाही. दौलतराव माझ्याशी बोलत नाहीत. सुशीलाबाई बोलतात.