गुरुदासचं कागदाचं गाव

माझा दीर गुरुदास याच्याबद्दल गोव्यातल्या आमच्या पार्सेत दोन मतं आहेत आणि दोन्ही त्याच्या तोंडावर सांगितली जातात. एक, असा हात अख्ख्या पेडणे तालुक्यात नाही. दुसरं, हा हात वेळीच कुणी बांधून ठेवला असता तर बरं झालं असतं. मी त्याची वहिनी, कमलाक्षी. एकाच घराच्या दोन अर्ध्यांत आम्ही राहतो. मधली भिंत माझ्या नवऱ्याने, अनंतने, हयात असताना घातली, भांडणं नकोत म्हणून. भांडणं थांबली नाहीत, फक्त मोठ्याने करावी लागली.

गुरुदासने लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "घरात बायल येतली, ती रडतली, माजो कागद भिजतलो." कागद हाच त्याचा संसार. गणेश चवथीला वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, घरोघरी त्याची मखरं. थर्माकोलला त्याने कधी हात लावला नाही. कागदाची घडी करायची तिथे आधी संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबायची, मग घडी कशी सुरीने कापल्यासारखी येते, हे तो येईल त्याला दाखवायचा. कुणाला जमायचं नाही. मग स्वतःच करून द्यायचा आणि वर शिव्या द्यायचा.

एका चवथीला विशाल नावाचा एक पुण्याचा माणूस आमच्याकडे मखर बघायला आला. हरमलला त्याचं कॅफे आहे. तिथे मोठी माणसं मेजाभोवती बसून फासे टाकतात आणि राक्षस-चेटकिणींचे खेळ खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कामधंदा सोडून हे करायला लोक विमानाने येतात, हे ऐकून मी हसले होते. विशालला त्या खेळासाठी गाव हवं होतं. मेजावर मांडायचं, कागदाचं, मुठीएवढ्या घरांचं.

त्याने चित्रं दिली होती ती विलायती घरांची, टोकदार छपरांची. गुरुदासने तशी दोन-तीन घरं केली. बटाट्याच्या पोत्यांसारखी दिसत होती. मी तसं म्हटलं तर रागाने त्याने ती चुलीत घातली. मग उठला, वहाणा घातल्या आणि त्याच्या जुन्या मित्राच्या, बाबाजीच्या अंगणात जाऊन बसला. त्या दिवसापासून त्याने आमचाच वाडा कापायला घेतला. खोक्याचा पुठ्ठा भिजवून वरचा पापुद्रा सोलला की आत पन्हाळी दिसतात. ती झाली कौलं. भिंतींना खळ लावून वर खरी तांबडी माती भुरभुरवली. तुळस, विहीर, गोठा, सगळं जागच्या जागी. आत बारीक दिवा, खिडकीला मखरातला पिवळा जिलेटिन कागद, आणि पडवीवर बोटाच्या पेराएवढी त्या घरातली माणसं. बाबाजीची वाकलेली पाठ बघून मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

विशाल नाचायचाच बाकी होता. पण मग त्याने खेळ कसा आहे ते सांगितलं. या गावाला शाप आहे. खेळाच्या प्रत्येक डावात एका घरात काळोख होतो. माणसं नाहीशी होतात, कुठे जातात कुणाला कळत नाही. खेळणाऱ्यांनी शेवटचं घर विझण्याआधी नेणाऱ्याला शोधायचं. म्हणून प्रत्येक घर दोनदा हवं, एक दिवा लागलेलं आणि एक ओसाड. वेळ आली की पहिलं उचलायचं आणि त्याच जागी दुसरं ठेवायचं.

"माणसांक नेता कोण?" गुरुदासने विचारलं.

"ते आम्ही प्रत्येक वेळी बदलतो," विशाल म्हणाला. "कधी राक्षस, कधी चेटकीण."

गुरुदास नुसता मान हलवत राहिला. मला मात्र ते ओसाड प्रकरण पहिल्यापासून आवडलं नाही. राहत्या घराची कौलं खाली आलेली, खिडकीला काळा कागद, तुळशीची नुसती काटकी, हे काय करायचं काम झालं? मी म्हटलंही, की असलं करशील तर माझ्या चुलीवरचा चहा बंद. तो म्हणाला, "वैनी, खेळ आसा तो."

तो आधी दिवा लागलेलं घर करायचा आणि मग ओसाड. बाबाजीच्या शेजारचं श्रीनाथचं घर आलं तेव्हा त्याने क्रम उलटा केला. श्रीनाथ म्हणजे आमच्या वाड्यावरचा खटपट्या माणूस, काजूचा बागायतदार, बायको-मुलांसकट नांदता. गुरुदासने त्याचं ओसाड घर आधी केलं आणि दिवा लागलेलं करायचं तसंच राहून गेलं. मिरगाच्या आधी श्रीनाथने बागायतीसकट घर दिल्लीच्या कुणाला तरी विकलं आणि तो डिचोलीला, सासुरवाडीच्या गावात, फ्लॅटमध्ये राहायला गेला. आधी कुणाला पत्ताही लागला नव्हता. मग गुरुदासने कोपऱ्यावरच्या जोडघराचं ओसाड आधी केलं. त्या घरातल्या दोघा भावांना पोर्तुगालच्या नागरिकत्वाचे कागद मिळाले आणि कुलूप लावून ती माणसं बायकापोरांसह इंग्लंडला गेली.

मग कुजबूज सुरू झाली. गुरुदास अंगणात येताना दिसला की बायका दार ओढून घ्यायच्या. बाबाजीसारखा जुना मित्र म्हणाला, "गुरु, माज्या आंगणात बसा नको रे." मी त्या सगळ्यांशी भांडले. म्हटलं, कागद कापून घर रिकामं होत असतं तर सरकारने गुरुदासला पगारावर ठेवला नसता का? पण पाव विकणाऱ्या पदेराची सायकल आता अर्ध्या वाटेवर वळायची. पुढे पाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. सकाळी त्याचा भोंपू जवळ येऊन लांब जायचा.

शेवटी वाड्यावरच्यांनी देवळात कौल लावला. गुरुदासच्या हाताला काही बाधा आहे का? देवाने उजवा कौल दिला. हाताला दोष नाही, कागदाला दोष नाही. मला वाटलं होतं, आता सगळे सुटकेचा श्वास सोडतील. झालं उलटंच. दोष असता तर उतरवता आला असता. दोष नाही म्हटल्यावर लोक जास्तच घाबरले.

आणि मग आमच्या लोकांनी काय करावं? नारळ घेऊन गुरुदासच्या दारी रांग लावली. आमच्या घराचं दिवा लागलेलं करून दे, माणसांसकट, म्हणजे आमचं घर राहील. शापाचा उतारा म्हणून खेळणं! जे दार लावून घेत होते तेच आता पेढे आणत होते. मला हसावं की रडावं कळेना.

सत्यवतीचं घर त्याने लगेच केलं. सत्यवती म्हातारी, एकटी, एक म्हैस आणि गुडघे दोन्ही गेलेले. सगळ्यांना वाटत होतं की आता हिला भाचा घेऊन जाईल. गुरुदासने तिला पडवीवर बसवली, म्हशीलाही बसवली आणि दिवा लावला. ती आजही तिथेच आहे, रोज म्हशीशी भांडते. बाबाजीचं तर आधीच केलेलं होतं, तोही आहे. पण रघुनाथ नारळ घेऊन आला तेव्हा गुरुदास म्हणाला, "फाल्या करतंय."

फाल्या म्हणजे उद्या. रघुनाथ दुसऱ्या दिवशी आला. "फाल्या." परत आला. "फाल्या." चवथीला रघुनाथचं घर उघडलंच नाही. आमच्याकडे माणूस मुंबईला असो की आखातात, चवथीला घर उघडतो. रघुनाथने गणपती भावाच्या घरी, पेडण्याला नेला होता. त्याच्या ओट्यावर गवत वाढलं होतं आणि मी ताट घेऊन गेले ती तशीच परत आले. त्यानंतर आणखी दोघांना गुरुदासने फाल्या सांगितलं. त्यातलं एक घर दसऱ्याच्या आत बंद झालं आणि दुसऱ्यातली माणसं आता माझ्याकडे बघत नाहीत. आमच्या वाड्यावर मुलांनाही कुणी आता फाल्या म्हणत नाही. खाऊ मागितला तर सरळ नाही म्हणतात.

या सगळ्यात मी निश्चिंत होते, हे मला सांगितलंच पाहिजे. माझा गौरेश मोपाच्या विमानतळावर नोकरीला, सून सेजल हुशार, समंजस. दोघं माझ्याजवळ. मी वाड्यावर सांगत फिरायचे की पुढच्या वर्षी माझ्या घरात पाळणा हलेल. माझ्यासाठी घर म्हणजे हीच दोन माणसं. बाकी कौलं आणि माती. ती गेली तर मी कुणासाठी चूल पेटवू, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता, कारण ती जायची नव्हतीच.

विशालचा निरोप आला की खेळापुरती घरं झाली, फक्त मधलं एक राहिलं आहे. ते आमचं. मी भिंतीपलीकडे गेले आणि थट्टेने म्हटलं, "भावोजी, माझं घर कधी? नारळ आणू की पेढे?"

तो कात्री पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "फाल्या, वैनी."

 मी तशीच मागे आले, भाताचं आधण ठेवलं आणि तांदूळ न घालताच चुलीपुढे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं. "फाल्या." मग मात्र माझा तोल गेला. मी त्याच्या हातातली कात्री ओढून घेतली आणि ओरडले, "सांग, कुणी सांगितलं तुला? देव दिसतो की भूत?"

"माका कायच दिसना नाय, वैनी," तो म्हणाला. "घर दिसता. दिसभर घराकडे बघल्याबिगर ता कापूक येत नाय. श्रीनाथान औंदा कौलां परतूक नाय. रघुनाथाच्या बायलेन पुरुमेंत भरूक नाय. जो पावसाळ्यात हय ऱवाचो नाय, तो सोलां कित्याक सुकयतलो?"

कौलं परतायची ती पावसात छप्पर गळू नये म्हणून, आणि पुरुमेंत म्हणजे आमची पावसाळ्याची बेगमी. सोलं, सुकी मासळी, मीठ, मिरची, वाळलेली लाकडं. मे महिन्यात प्रत्येक घराच्या अंगणात ती वाळत असते आणि जाता-येता सगळ्यांना दिसते. मी तिथेच उभी होते आणि मला या वर्षीचा मे आठवला. सेजल म्हणाली होती, "आई, या वर्षी थोडीच करूया. कशाला दमता? लागेल तसं दुकानातून आणू." मला केवढं कौतुक वाटलं होतं तिचं. सासूची काळजी करते म्हणून मी ते चार घरी सांगून आले होते.

"ते वेगळं," मी म्हटलं. "माझ्या सुनेला माझी काळजी आहे."

गुरुदास खाली पडलेले कागदाचे कपटे गोळा करायला लागला. तो माणूस भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी कात्री त्याच्या हातात परत दिली. "बस. माझ्यासमोर कर. आत्ता कर. दिवा लावून कर. नाही केलंस तर ही भिंत मी दुप्पट उंच करीन."

तो बसला. मी समोर पाटावर बसले. त्याने पुठ्ठा सोलला, भिंती उभ्या केल्या, मधली भिंतही घातली, माझ्या बाजूच्या खिडकीला पिवळा कागद चिकटवला. माझा जीव भांड्यात पडला. ओसाड करत नव्हता तो. दिवाही बसवला, लावून बघितला. माझं घर त्या मेजावर उजळलं आणि मी खरंच हसले. म्हटलं, उगाच भ्याले. फाल्या म्हणजे याला कंटाळा आला असेल.

मग त्याने माणसं कापायला घेतली. एक बाई कापली. जरा जाड, कमरेवर हात. मीच. ती पडवीवर चिकटवली. फुंकर मारून खळ वाळवली. आणि कात्री डबीत ठेवली.

"गौरेश?" मी म्हटलं. "सेजल?"

त्याने डबीचं झाकण लावलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पन्नाशी उलटलेल्या या माणसाला मी नवऱ्याच्या मरणानंतर रडताना बघितलं नव्हतं. मी विचारलं, "विसरलास ना? सांग, विसरलास म्हणून." तो उठून मागच्या दाराने माडांकडे गेला.

ते घर मी उचलून आमच्याकडे आणलं. विशालला द्यायचं नाही, एवढंच तेव्हा मनात होतं. टीव्हीवर ठेवलं आणि दिवा चालूच राहू दिला. संध्याकाळी गौरेश ड्युटीवरून आला. सेजल आत चपात्या लाटत होती. त्याने हेल्मेट काढलं, घराकडे बघितलं, जवळ जाऊन वाकला. पडवीवरच्या बाईकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने आजूबाजूला हात फिरवला, जणू आणखी कुणी खाली पडलं आहे का ते बघत होता. तो माझ्याकडे वळला. आतलं लाटणं थांबलं.

"आई," तो म्हणाला, "गुरुकाकाक कोणी सांगल्यान?"

"कोणीच नाय," मी म्हटलं. "आता तू सांग."