चार मंडळ्या आणि एक हॉल

निवृत्त झाल्यावर पुन्हा नोकरी करणार नाही, हे मी घरात सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका खात्यात फायली हलवल्या होत्या, त्यातली शेवटची सात सेक्शन ऑफिसर म्हणून. तेवढं पुरे. आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून आम्ही गुरुग्रामला मुलाच्या सतराव्या मजल्यावर राहायला आलो आणि तिसऱ्याच महिन्यात मला भिंती खायला उठल्या. या सोसायटीत बायका लिफ्टमध्ये गोड हसतात आणि लिफ्टमधून उतरल्या की ओळख विसरतात. त्यामुळे आर. के. पुरमच्या जुन्या शेजारणीचा फोन आला, तेव्हा नको म्हणण्याचं नाटकसुद्धा मला धड जमलं नाही.

ही शेजारीण मल्याळी. दक्षिण दिल्लीत मतिमंद मुलांसाठी एक दिवसभराचं केंद्र चालवायची. तिच्याकडे चर्चशी संपर्क ठेवणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि चार महिन्यांसाठी कुणीतरी हवं होतं. पदाचं नाव मोठं भारदस्त: चर्च रिलेशन्स कोऑर्डिनेटर. मी म्हटलं, अगं, मी बौद्ध. ती म्हणाली, बरंच झालं, म्हणजे तू कुठल्याच एका चर्चची नाहीस. आमच्या ह्यांना हे कळलं तेव्हा चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "आयुष्यभर बुद्धवंदना आणि उतारवयात चर्चच्या चकरा. नागपूरला कळवू नकोस." मी त्यांना सांगितलं की मी नोकरीला चालले आहे, धर्म बदलायला नाही. आपल्या माणसांनी तो एकदाच बदलला, नीट विचार करून बदलला, तेवढा बास.

काम एकच होतं, आणि ते पहिल्याच दिवशी माझ्या पुढ्यात आलं. केंद्र एका घराच्या तळमजल्यावर भाड्याने होतं. घरमालकाने प्लॉट बिल्डरला दिला होता. जुनं घर पाडून चार मजले उभे राहणार होते. मार्चअखेर जागा खाली करायची होती. केंद्रात एकोणीस मुलं. मुलं म्हणायची सवय, एरवी त्यातल्या निम्म्यांना मिशा होत्या. दिल्लीत नवी जागा भाड्याने घेणं केंद्राच्या आवाक्याबाहेर, आणि चर्चचे हॉल सोमवार ते शुक्रवार रिकामे असतात. त्यातला एक मिळवायचा. पहिल्याच आठवड्यात एका मुलीची आई मला म्हणाली की केंद्रात येण्याआधी तिच्या मुलीने सहा वर्षं बाल्कनीत बसून रस्ता बघण्यात काढली. "जागा गेली तर ती परत बाल्कनीत जाईल," ती म्हणाली. रडली वगैरे नाही, नुसतं सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी कामाला लागले ती माझ्या पद्धतीने. चर्चची यादी केली, रकाने आखले, भेटीच्या तारखा घातल्या. डिसेंबरभर माझे रविवार कडाक्याच्या थंडीत, शाल गुंडाळून, शेवटच्या बाकावर गेले. कुणी हॉल दुरुस्तीला काढला होता, कुणाच्या हॉलला पायऱ्या फार होत्या, कुणी "प्रार्थना करू" म्हणून निरोप दिला. अखेर एका जुन्या दगडी चर्चच्या इंग्रजी उपासनेचे पाळक हो म्हणाले. मोठे सज्जन गृहस्थ. मी म्हटलं, लेखी द्या. त्यांनी लेटरहेडवर 'हरकत नाही' असं लिहून खाली सही ठोकली. मी कागद फायलीत लावला. सरकारी माणसाच्या लेखी सही झाली म्हणजे घोडं गंगेत न्हालं. शेजारणीने पालकांची बैठक बोलावून बातमी सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या बाल्कनीवाल्या आईने माझे दोन्ही हात धरले. मी तिथे किती रुबाबात बसले होते ते आठवलं की अजून कानाला खडा लावते.

फेब्रुवारीत टेम्पोत दोन कपाटं घालून मी तिथे पोचले, तर चौकीदाराने फाटक उघडलं नाही. त्याने विचारलं, कौन-सी मंडली से? मी म्हटलं, चर्च से. त्याने शांतपणे फाटकाजवळच्या पाटीवर बोट ठेवलं. सात वाजता हिंदी, नऊ वाजता मल्याळम, अकरा वाजता इंग्रजी, दुपारी चार वाजता तमिळ. ती पाटी मी डझनभर वेळा वाचली होती. मला वाटायचं, एकाच दवाखान्याच्या चार वेळा असाव्यात तशा ह्या एकाच चर्चच्या चार पाळ्या. तसं नव्हतं. त्या चार वेगळ्या मंडळ्या होत्या. प्रत्येकीचा पाळक वेगळा, सेक्रेटरी वेगळा, हॉलमधलं कपाट वेगळं आणि त्या कपाटाचं कुलूपही वेगळं. इमारत चौघींची. तिसऱ्या मंडळीच्या पाळकाच्या सहीने त्या हॉलमधली एक खुर्चीसुद्धा हलत नव्हती. इंग्रजीत बोलायला मला सोपं, म्हणून मी एकाच दारावर गेले आणि तेच घर समजले.

मग सुरू झाली टोलवाटोलवी, आणि त्या खेळात मी आयुष्य घालवलं आहे. हिंदीवाले म्हणाले, मल्याळमवाले मानले तर आमची ना नाही. मल्याळमवाल्यांनी तमिळकडे बोट दाखवलं. मात्र प्रत्येक जण फुकट एक तक्रार सांगायचा, आणि ती तक्रार एकच होती: आधीची मंडळी चहा पिऊन कप तसेच बेसिनमध्ये टाकून जाते आणि खुर्च्या अस्ताव्यस्त सोडते. तमिळ मंडळीचे सेक्रेटरी निवृत्त सुभेदार होते, ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे. ते सगळ्यांत शेवटी यायचे, म्हणून सगळ्यांची घाण त्यांच्या वाट्याला. त्यांनी माझं पत्र न वाचताच परत दिलं. "मॅडम, बीस साल से हमको जूठे कप मिलते हैं," ते म्हणाले. "अब पाँचवाँ भी आएगा?"

मला राग आला, आणि रागात मला नेहमी चांगलं सुचतं. मेट्रोत बसल्या बसल्या लक्षात आलं की आमच्या केंद्रात रोज सकाळी हेच तर शिकवतात. खुर्च्या ओळीत मांडणं, कप विसळून पुसून जागेवर ठेवणं. एकामागून एक पायरी, न चुकता. आमच्यातला एक उंच मुलगा, बाविशीचा, दोन खुर्च्यांमधलं अंतर पावलाने मोजायचा. ओळ वाकडी असेल तर पुढच्या ओळीला हात लावायचा नाही. मी केंद्रावर जाऊन शेजारणीला सांगितलं की चार रविवार आपण मुलांना घेऊन जाऊ, दोन उपासनांच्या मधे हॉल नीट करू, लोकांना दिसू दे.

ती माझ्यावर अशी उखडली की विचारू नका. आमची मुलं कुणाचे उष्टे कप धुऊन जागेची भीक मागणार नाहीत, म्हणाली. मला आजी आठवली. माझ्या आजीच्या गावात हॉटेलवाल्याने आमच्या लोकांसाठी कप वेगळे ठेवलेले असत, कान तुटलेले, बाहेर खिळ्याला टांगलेले. चहा प्यायचा, आपला कप आपण धुवायचा आणि परत टांगायचा. बाकीच्यांचे कप दुकानदार धुवायचा. आजी हे सांगताना हसायची, का ते मला लहानपणी कळत नसे. ते सगळं विसरून मी एकोणीस मुलांना बेसिनसमोर उभं करायला निघाले होते. मी शेजारणीची माफी मागितली आणि हेही सांगितलं की आता कप आपली मुलं धुणार नाहीत. ज्याचा त्याने धुवायचा. सगळ्यांनी, पाळकांनीसुद्धा. आपली मुलं फक्त कसं धुवायचं ते दाखवतील. तेव्हा कुठे ती मानली.

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही सकाळी सातच्या आधी पोचलो, सहा मुलं, त्यांचे पालक आणि मी. हिंदी उपासनेत सूचनांच्या वेळी मला दोन मिनिटं मिळाली. मी सरळ सांगितलं की आम्हाला हा हॉल हवा आहे, त्याबद्दल बाहेर बोलू. आज एवढंच, की चहा झाल्यावर आपला कप आपण विसळायचा, आमची मुलं बेसिनपाशी उभी आहेत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाहेर चहा झाला आणि उंच मुलगा साबण घेऊन बेसिनच्या तोंडाशी उभा राहिला. पहिल्या बाईंनी कप नुसता पाण्याखाली धरला आणि निघाल्या. त्याने त्यांचा कप परत त्यांच्या हातात दिला आणि बोटाने काठ दाखवला. तिथे लिपस्टिक होती. बाई लाजल्या, हसल्या आणि घासायला लागल्या. त्यांच्या मागे बघता बघता रांग लागली. इतकी शिस्तीची रांग मी दिल्लीत आधी पाहिली नव्हती.

नऊला मल्याळम मंडळी आली तेव्हा बेसिन कोरडं होतं आणि खुर्च्या दोरी लावल्यासारख्या ओळीत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बायका दारातच थबकल्या. अकराला इंग्रजीवाले आले; त्या सज्जन पाळकांनी झग्याच्या बाह्या वर सारून कप धुतला आणि मुलाने तो तपासून पास केला. दुपारी साडेतीनला सुभेदार आले. हॉलभर फिरले, एका ओळीच्या टोकाला उभं राहून एक डोळा मिटून त्यांनी ओळ तपासली. त्या दिवशी उपासनेनंतर ते स्वतः कप घेऊन रांगेत उभे राहिले.

दुसऱ्या रविवारी हिंदी मंडळी हो म्हणाली, तिसऱ्या रविवारी मल्याळम. इंग्रजी मंडळीने आपलं जुनं पत्र सगळ्यांच्या सहीने पुन्हा दिलं. मधेच मल्याळम मंडळीच्या एका बाईंनी हिंदीवाल्यांसाठी केळ्याचे वेफर्स ठेवले, वीस वर्षांत पहिल्यांदा. हे सगळं माझ्यामुळे झालं असं मी घरी सांगितलं. ह्यांनी विचारलं, कप कुणी धुतले? मग थोडं कमी करून सांगितलं.

राहिली तमिळ मंडळी. त्यांची रीत अशी, की हॉलसारखी गोष्ट सभासदांनी उपासनेनंतर हात वर करून ठरवायची, सेक्रेटरींनी मोजायचं आणि आकडा रजिस्टरमध्ये चढवायचा. मतदान मार्चच्या शेवटच्या रविवारी होतं. माझ्या चार महिन्यांचा तो शेवटचा रविवार, आणि जागा खाली करायला दोन दिवस उरले होते. बाल्कनीवाली आई मुलीचा हात धरून मागच्या भिंतीला टेकून उभी होती. उंच मुलगा बेसिन घासता घासता येऊन दाराशी, हातात साबण. एक शब्द तमिळ मला येत नाही, त्यामुळे सुभेदार काय बोलत होते ते कळत नव्हतं. फक्त त्यांचा आवाज गंभीर होता आणि माझी पाचावर धारण बसली होती.

मग हात वर गेले. एक, दोन, मग पुढच्या पूर्ण ओळीचे. सुभेदार बोटाने मोजत बाकांमधून मागे येत होते. सगळ्यांचे वर गेलेले पाहून आमच्या उंच मुलानेही हात वर केला, साबणाचा, कोपरापर्यंत फेसाळलेला. एक गृहस्थ मागे वळून तमिळमध्ये काहीतरी म्हणाले आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. हा सभासद नाही, एवढं मला बोटावरून कळलं. मी पुढे व्हायला निघाले, तेवढ्यात सुभेदार थांबले. आमच्या पालकांनाही कळावं म्हणूनच असेल, ते हिंदीत बोलले. "चार इतवार से इसको यहाँ देख रहा हूँ," ते त्या गृहस्थांना म्हणाले. "आपको दो बार देखा."

गृहस्थांनी स्वतःचाही हात हळूच वर केला. सुभेदारांनी त्यांना मोजलं, मग तीन पावलं पुढे येऊन आमच्या मुलासमोर उभे राहिले आणि त्यालाही मोजलं. त्याला धरून एकूण चौसष्ट, हे त्यांनी हिंदीत मोठ्याने सांगितलं. टेबलाशी जाऊन त्यांनी रजिस्टरमध्ये चौसष्टच लिहिलं आणि खाली सही केली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी जोरजोरात टाळ्या वाजवत होते. उपासनेच्या जागी टाळ्या वाजवतात की नाही, ते तेव्हा मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी थांबले नसते.